सोलापुरात ऐंशीचे एकशे साठ

सोलापूरला मी हवापालटासाठी गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कारण परत आल्यापासून शेजारच्या बायका विचारतात, काय काय पाहिलंस, आणि मी कुत्रीचं रक्त पाहिलं असं सांगितलं की त्यांना वाटतं मी उत्तर टाळते आहे. पण मी खरोखर तेच पाहिलं. अंधाऱ्या खोलीत, यंत्राला डोळा लावून, हिरवंगार चमकताना. त्याचा अर्थ मला तिथेच कळला असं वाटलं होतं. रिक्षात बसेपर्यंत तो गेला. आता घरी येऊन हे लिहायला बसले आहे, तर तो अर्धा आल्यासारखा वाटतो आहे, बघू लिहून होईपर्यंत टिकतो का.

गेले होते मुलीला आणायला. मानसी माझी एकुलती एक. पुण्यात नोकरी करताना तिला श्रीनिवास भेटला आणि कुडाळची पोरगी सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांच्या घरात जाऊन पडली. माणसं चांगली. टॉवेल आणि चादरी विणतात, घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. मानसीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी हे त्यांनाही मान्य आणि आम्हालाही. म्हणजे ओटी भरून झाली की तिला गाडीत बसवायची आणि घरी आणायची, चार दिवसांचं काम. आमची छोटी खानावळ आहे, ती चार दिवसांसाठी नवऱ्याच्या हाती सोपवली. परत आले तेव्हा कैऱ्यांत कोय धरली होती आणि नेहमीची गिऱ्हाइकं नवऱ्याला सोलकढी कशी करतात ते शिकवत होती.

कडक भाकरीच्या घरात

सोलापूर आधी कानांना लागतं. जावयाच्या घराच्या मागच्या अंगाला मागांची शेड आहे आणि तिथली खटाखट सकाळी सुरू झाली की घरातली भांडीसुद्धा हलक्या आवाजात तिच्याबरोबर वाजतात. त्यामुळे घरातली सगळी माणसं वरच्या पट्टीत बोलतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे भांडण चाललं आहे आणि आपण नको त्या वेळी आलो. नंतर मानसीनं सांगितलं की श्रीनिवासनं आईला फक्त मीठ मागितलं होतं.

विहीणबाई उंच, शिडशिडीत, कपाळावर मोठं कुंकू. माझ्याशी मराठी बोलायच्या, मुलाशी तेलुगू, आणि मध्येच विसरून माझ्याशीही तेलुगू. मी मान हलवायचे. अशा मान हलवण्यातून मी एका संध्याकाळी तीन वेळा जेवले. ताटात गोल, पातळ, ताठ असं काही आलं ते मी पापड समजून बाजूला ठेवलं, पोळीची वाट पाहत राहिले. तीच भाकरी होती. कडक भाकरी, महिना महिना टिकते म्हणे. शेंगाच्या चटणीत तेल सोडून तिच्याबरोबर खायची आणि वर चिंचेचं पातळ चारु प्यायचं. चव चांगली, पण आमच्याकडे पाहुण्यांपुढे असली कुरकुरीत भाकरी ठेवली तर पाहुणे दुसऱ्या दिवसापासून बोलायचे बंद होतील. आणि खोबरं कशातच नाही. मी दोन नारळ नेले होते, ते विहीणबाईंनी देवापुढे ठेवून दिले.

माझ्या पिशवीत सुकट आणि सुके बांगडेही होते. ते कुणाला सांगायच्या आधीच घरातल्या एका जिवाला कळले. पांढरी, झुबकेदार केसांची एक कुत्री आली आणि माझ्या पिशवीत तिनं अख्खं डोकं घातलं.

"सुंगट्ये, भायर ये," मानसी म्हणाली, आणि कुत्री निमूट बाहेर आली.

आमच्या मालवणीत कोळंबीला सुंगटं म्हणतात. झोपताना ही अंगाची अशी गोल कमान करते, म्हणून ती सुंगटी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मानसीनं तिला पिल्लू असताना आणलं होतं. गंमत अशी की तिला मालवणीशिवाय दुसरं काही कळत नव्हतं. श्रीनिवासनं मराठीत बोलावलं तर ती कान हलवायची, विहीणबाईंनी 'रा, रा' म्हणून बोलावलं तर भिंतीकडे बघायची. विहीणबाई चिडायच्या. या घरात खाते आणि या घरची भाषा ऐकत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती सुनेबद्दल आहे की कुत्रीबद्दल हे मला काही केल्या ठरवता येईना. मी मानसीला म्हटलं, अगं कुत्र्याला कसली मालवणी शिकवतेस.

"आई, मगे दिवसभर माझा बोलणा कोणी आयकाचा?"

ती हसतच म्हणाली होती, पण मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे ती गोठ्यात, विहिरीवर, बाजारात सतत बडबडत असायची. इथे तिची सगळी बडबड एका पांढऱ्या कुत्रीच्या कानात जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसीच्या गादीवर गोचीड सापडले. एक नाही, चांगले टपोरे चारपाच. विहीणबाईंनी चादर उचलली, अंगणात नेऊन झटकली आणि एकच शब्द बोलल्या, "वद्दु." मला तेलुगूतला हा एक शब्द तेवढ्यात कळला. नको. त्यांच्या गल्लीतला एक कुत्रा मागच्या उन्हाळ्यात गोचीडतापानं नाकातून रक्त येऊन गेला होता, आणि इथे तर घरात पोटुशी सून. त्यांचं भय खोटं नव्हतं. पण मानसीनंही मुठी आवळून सांगितलं की सुंगटी घराबाहेर गेली तर मी कुडाळला येणार नाही. मी पाठ वळवली की हिला कुठेतरी सोडून देतील आणि मी बाळ घेऊन येईन तेव्हा ही नसेल, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणजे माझं चार दिवसांचं काम कुत्रीच्या शेपटीला बांधलं गेलं. मला कुत्र्यांचं प्रेम नाही, हेही सांगून ठेवते.

मग श्रीनिवास म्हणाला, रक्त तपासू. यावर मात्र लगेच सगळ्यांचं एकमत झालं, कारण तपासणी आपल्याच बाजूनं बोलणार याची प्रत्येकाला खात्री होती.

अंधारी खोली

दवाखान्यात निघताना विहीणबाईंनी कपाटातून कोरा टॉवेल काढला आणि सुंगटीला त्यात गुंडाळलं. मी म्हटलं, जुनं फडकं चालेल. तर म्हणाल्या, "आमी टावेलवाले हाय की. चार मानसांत जुनं फडकं न्यायचं व्हय?" कुत्री घराबाहेर घालवायची आहे पण ती जाताना आपल्या मालाची शोभा कमी व्हायला नको, हा हिशोब मला समजला नाही. तरी मान हलवली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, ताप घेतला, रक्त काढलं. साध्या तपासणीत पेशी जागच्या जागी निघाल्या. कुत्री धडधाकट दिसते आहे, पण गोचिडांनी काही देऊन ठेवलं आहे का ते बघायला दुसरी तपासणी करू म्हणाल्या. तिचं यंत्र त्यांच्याकडेच होतं. दुपारी या, दाखवते.

दुपारी खिडकीला काळा पडदा लावलेल्या खोलीत त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं. डोळा लावला तर आत मळकट लालसर अंधार आणि त्यात हिरवे ठिपके, कच्च्या सफरचंदासारखे, आतून उजेड असल्यासारखे. आणि त्या सगळ्यांच्या मधून आडवा गेलेला एक लखलखीत धागा. मी एकदम म्हटलं, सापडला, हा बघा जंतू, केवढा मोठा आहे.

डॉक्टरीणबाईंनी डोळा लावला आणि हसू दाबत म्हणाल्या, "तो तुमच्या विहीणबाईंचा टॉवेल आहे."

कोऱ्या कापडाची तूस, म्हणजे सुटलेला तंतू. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्याला जे लावतात ते या उजेडात चमकतं, आणि सोलापुरात काचेवर एखादा धागा सापडतोच, म्हणाल्या. मग हिरवे ठिपके म्हणजे जंतू, एवढं तरी मी पकडलं. सुंगटीच्या रक्तात एवढे जंतू आहेत का, विचारलं. तर नाही, ते जंतू सुंगटीचे नव्हतेच. काच तयार येते, तिच्यावर जंतू आधीच लावलेले असतात. मी विचारलं, मग हे कुणाचे? तर म्हणाल्या, कंपनीचे.

इथे माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. त्यांनी पुन्हा समजावलं. या काचेवर सुंगटीच्या रक्तातलं पाणी घालायचं. तिच्या अंगानं या जंतूंशी कधी झुंज दिली असेल तर त्या पाण्यात झुंजणारे कण असतात, ते काचेवरच्या जंतूंना जाऊन चिकटतात. मग वरून चमकणारं औषध घालायचं, ते त्या कणांना चिकटतं. धुऊन बघायचं. हिरवं चमकलं तर ओळख आहे.

"म्हणजे ही आजारी आहे," मी म्हटलं.

"ओळख आहे. पाहुणा कधी आला होता, निघून गेला की अजून घरात बसलाय, ते एवढ्यावरून कळत नाही."

ओळख किती घट्ट, हे बघायला ते पाणी पातळ पातळ करत जातात. चाळीसपट पातळ, ऐंशीपट, एकशे साठ. कुठपर्यंत चमकतं ते बघायचं. हे मात्र मला झटकन कळलं, कारण सोलकढीत पाणी घालत गेलं तर कितव्या पेल्यापर्यंत आंबटपणा जिभेला लागतो, तसंच ते. सुंगटीचा आंबटपणा ऐंशीपर्यंत लागला होता. हे चांगलं की वाईट? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका आकड्याला तसा अर्थ नसतो. दोनतीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊ, नीट चढला तर आजार चालू आहे असं धरू आणि औषध देऊ. तोवर गोचीड काढा, घर स्वच्छ ठेवा. कुत्रीला हात लावून माणसाला हा आजार होत नाही, भानगड गोचिडांची आहे.

नीट चढला म्हणजे किती, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. घरी येऊन मी सगळं सांगायला गेले, तर पाहुणा, सोलकढी आणि टॉवेल यांची अशी खिचडी झाली की श्रीनिवासनं शेवटी डॉक्टरीणबाईंनाच फोन लावला. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल सांगितला. कुत्रीला त्या तेलुगूत कुक्का म्हणायच्या.

"आकडा चढला तर कुक्का सांगोल्यालाच ऱ्हाईल, न्हाय चढला तर माज्या दारात. एकदा बोलले म्हंजे बोलले."

नवी पेठ

सांगोल्याचं काय, ते सांगते. ओटी भरण्याचा दिवस ठरला होता आणि त्या दिवसात कुत्री घरात नको म्हणून विहीणबाईंनी तिला दुसरी तपासणी होईपर्यंत सांगोल्याकडे पाठवायचं काढलं. त्यांच्या मागावर मारुती नावाचा कामगार आहे, कुंभारीला राहतो. त्याचा थोरला भाऊ भिवा सांगोल्याजवळ मेंढरं राखतो. तिथे मोकळं रान, कुत्र्यांना खायला-प्यायला तोटा नाही.

त्याआधी साडी आणि बांगड्यांसाठी आम्ही नव्या पेठेत गेलो. मानसी रिक्षात गप्प, दुकानात गप्प. दुकानदार एकावर एक साड्या उलगडत होता. त्यानं सूनबाई का रुसली म्हणून विचारलं आणि विहीणबाईंनी सरळ कुत्रीच्या रक्ताचा विषय काढला. झालं. दुकानदार म्हणाला, आमच्या पोराला टायफॉइडच्या तपासणीत एकशे साठ निघाले होते, ऐंशी म्हणजे काहीच नाही. शेजारी साडी बघणाऱ्या एका बाई म्हणाल्या, असं कसं, माझ्या जावेला ऐंशीवरच सलाइन लावलं. गल्ल्यावरचे म्हातारे म्हणाले, साखरेचे ऐंशी तर उत्तम. मला कुडाळच्या बाजारात असा सल्ला मिळाला असता तर मी तिघांनाही गप्प केलं असतं. इथे मी सगळ्यांचं ऐकत उभी राहिले, आणि दुकानातून निघताना मला वाटू लागलं होतं की सुंगटीला बहुतेक साखर आहे.

मानसीनं हिरवी साडी निवडली. निवडली म्हणजे विहीणबाईंनी जिच्यावर हात ठेवला तिला हो म्हणाली.

सांगोल्याकडे

श्रीनिवास, मी आणि टॉवेलात सुंगटी. टॉवेल पुन्हा कोरा. बरोबर विहीणबाईंनी कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली, त्यातल्या अर्ध्या कुत्रीसाठी.

आमच्याकडे डोळ्यांना सतत काहीतरी अडतं, झाड, डोंगर, कुणाचं घर. इथे नजर जाते ती जातच राहते आणि मग आपल्याला कळत नाही, थांबवायची कुठे. मध्येच डाळिंबांच्या बागा, रांगेत, झाडांवर कापडं पांघरलेली. एका वाडीवर टँकर उभा होता आणि बायका घागरी घेऊन एकमेकींची थट्टा करत होत्या. आमच्या अंगणात पाणी नको नको म्हणेपर्यंत पडतं आणि आम्ही तक्रार करतो, हे तिथे माझ्या मनात आलं.

भिवादादा माळावर भेटला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, उन्हात डोळे बारीक झालेला माणूस. शेळीच्या दुधाचा चहा झाला, भाकरी-ठेचा झाला. ठेच्यानं माझ्या कानांतून वाफ निघाली. सुंगटीला त्यानं उचलून उलटीपालटी करून पाहिलं आणि विचारलं, "ही खाती काय?" मी म्हटलं, सुकट. त्याला ते काय ते माहीत नव्हतं. मी पिशवीतून मूठभर दिली. त्यानं वास घेतला आणि मान फिरवली.

निघताना सुंगटी मेंढरांच्या कडेला उभी होती. आम्ही तिला मराठीत जातो म्हटलं, ते तिला कळलं नाही. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून हळूच म्हटलं, येतंय हां गो. ती शेपटी हलवत राहिली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले. का, ते मला सांगता येणार नाही, मी तिला पुरती आठवडाभरही ओळखत नव्हते.

खूण

ओटीचा कार्यक्रम थाटात झाला. बायकांनी मानसीच्या हातात बांगड्या भरल्या, तेलुगूत गाणी म्हटली, मी कळल्यासारखी हसत बसले. मानसीही हसली, फोटोपुरती. दिवस जात राहिले. मागांची खटाखट मला ऐकू येईनाशी झाली, आणि नवऱ्याचे फोन रोज येऊ लागले की कोकम कुठल्या बरणीत आहे.

मग आम्ही सुंगटीला आणायला गेलो, तर माळावर सुंगटी नव्हती. भिवादादाच्या पायाशी एक गुलाबी, हडकुळं, मोठ्या कानांचं जनावर बसलं होतं आणि त्याच्या पाठीवर गेरूचा लाल पट्टा होता. श्रीनिवासनं विचारलं, आमची कुठे आहे? भिवादादानं पायाकडे बोट दाखवलं.

मेंढरं कातरायचा मोसम होता. कातरणारे आले होते, कळप ओळीनं कातरून झाला, आणि ओळीच्या शेवटी पांढरी लोकर घेऊन सुंगटी बसलेली. तिलाही कातरली. मग मेंढरं गोचिडांच्या औषधात बुडवून काढली, तशी तिलाही काढली. मग प्रत्येक मेंढराच्या पाठीवर घरची खूण उठवली, तशी हिच्याही.

"खूण कशाला, दादा?" मी विचारलं.

"आमच्यात आलं की आमची खूण लागती, बाई. उंद्या हरवली तर कुणाची म्हून सांगायचं? लई गरीब हाय, पर बोलीवलं तर येत न्हाय बगा."

त्याच्या दृष्टीनं त्यानं लेकराला न्हाऊमाखू घालून परत दिलं होतं. त्याला काय बोलणार? श्रीनिवास मात्र गाडीत सारखा वळून बघत होता. ही तीच कशावरून, असं त्यानं दोनदा विचारलं. शेवटी मी त्या बोडक्या जनावराच्या कानाशी म्हटलं, सुंगट्ये, भूक लागली काय गो? तिनं पटकन माझ्या पिशवीत डोकं घातलं. तीच होती.

घरी मानसी आधी किंचाळली, मग रडली, मग तिला उराशी धरून हसत सुटली. विहीणबाई दारात आल्या, त्यांनी कुत्री पाहिली आणि खालीच बसल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना प्रथमच तसं हसताना पाहिलं. नंतर मात्र त्या लाल पट्ट्याकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. खोबरेल तेल आणलं, साबण आणला, अंगणात कुत्रीला पुढ्यात घेऊन पट्टा घासू लागल्या.

"आमच्या घरची कुक्का. दुसऱ्याची खून कशापाई?"

पट्टा फिका झाला, गेला नाही. ज्या कुत्रीला सांगोल्याला कायमची घालवायची भाषा होती, तिच्या पाठीवरची सांगोल्याची खूण यांना का सोसत नाही, हे मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं आणि झोपले.

आकडा

दुसऱ्यांदा रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी बोडकी सुंगटी पाहून बराच वेळ टेबलाखाली काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग विचारलं, मध्ये ही होती कुठे? मेंढरांत, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. गोचिडांपासून लांब ठेवायची होती तिला, आणि आम्ही तिला गोचिडांच्या माहेरीच पाठवलं होतं. आता आकडा चढला तरी तो जुन्या पाहुण्याचा की नव्या, ते सांगणं कठीण. श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. घरी हे सांगायचं धाडस कुणालाच झालं नाही.

निकालाच्या सकाळी विहीणबाईंनी मारुतीला कुंभारीहून बोलावून घेतलं होतं. तो मोटारसायकल आणि सुंगटीला न्यायला पाटी घेऊन अंगणातल्या लिंबाखाली थांबला. आत आम्ही चौघं, फोन स्पीकरवर. मानसी माझ्या शेजारी खाटेवर, तिचा हात माझ्या हातात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकशे साठ.

मानसीनं हात सोडवून घेतला. विहीणबाई फोनकडे वाकल्या. "ऐंशीचं एकशे साठ. दुप्पट झालं की."

नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही एकच पायरी आहे. तेच रक्त उद्या पुन्हा लावलं तर ऐंशीसुद्धा निघेल, डोळ्यांचा आणि हाताचा तेवढा फरक पडतोच. दोन पायऱ्या वर गेला, चौपट झाला, तर मी चढला म्हणेन. पेशी ठीक आहेत, खाते-पिते आहे, वजन वाढलंय. आता मी पडले खानावळवाली, आयुष्यभर स्वयंपाक केला आहे. दुप्पट मीठ पडलं आणि आमटी खारट झाली नाही, असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेणार नाही. म्हणून मीच विचारलं, डॉक्टर, सरळ सांगा, ही आजारी आहे की नाही?

"आज आजारी नाही. आकड्यावरून यापुढे काही सांगितलं तर ते खोटं होईल. लक्ष ठेवा, खाणं सुटलं की घेऊन या."

फोन बंद झाला.  मागच्या शेडमध्ये माग चालूच होते. विहीणबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग मागच्या दारानं त्या अंगणात गेल्या. एकदा बोलले म्हंजे बोलले, हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. बाहेर मारुती सुंगटीला शीळ घालत होता, मेंढरांना घालतात तशी. ती मोटारसायकलच्या सावलीत पडून होती, जागची हलत नव्हती.

मग हाक आली.

"सुंगट्ये, हंयसर ये गो. जेवक चल."

मला वाटलं मानसी उठून गेली. वळून बघते तर ती माझ्या शेजारीच होती, तोंड उघडं ठेवून. हंयसर हा शब्द मध्येच तुटला होता आणि चलवर असा हेल होता की आमच्याकडे कुणी ऐकला असता तर चक्रावला असता. पण कुत्रीला कळला. फरशीवर नखं वाजली आणि विहीणबाईंच्या मागोमाग सुंगटी घरात आली, बोडकी, पाठीवर फिका लाल पट्टा. विहीणबाईंच्या हातात कडक भाकरीचा तुकडा होता, आणि त्याला माझ्या सुकटीचा वास येत होता. ती कुणाला नको म्हणून मी डब्यात तळाशी लपवली होती.

मारुतीला त्यांनी दारातूनच सांगितलं की तू जा, पण च्या घेऊन जा. श्रीनिवासनं त्यांना तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यात ऐंशी आणि एकशे साठ एवढे दोन आकडे मला कळले. त्यांनी उत्तर दिलं ते मराठीत, बहुतेक आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून.

"डाक्टरीणबाई म्हनली की. चढला न्हाय."

आणि खाली बसून त्या सुंगटीला भाकरी भरवू लागल्या. हे शब्द त्या कधी शिकल्या, किती दिवस भिंतीआडून मानसीचं बोलणं ऐकत होत्या, ते मी त्यांना विचारलं नाही. मानसी खाटेवरून उठली, पोट सावरत कपाटाशी गेली आणि वरच्या फळीवरची बॅग तिनं ओढायला घेतली.

"आई, तिकिटा काढ."